विझवलेली भट्टी

दोन बहिणींतली ती लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत. लग्न झालं, लेक झाली, ती लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली, कानशिलावर रुपेरी बट आली, तरी ती धाकटीच राहिली. नवराही तिला तीच हाक मारायचा. "धाकटे, चहा टाक गं!" असं तो खालून ओरडला की गल्लीतली दोन-चार माणसं हसायची. तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

नवरा बेकरीवाला होता. बेकरी खाली आणि घर वर. त्याच्या वडिलांनी बांधलेली विटांची भट्टी अर्धी खोली अडवून बसलेली होती. उजाडायच्या आत तो खाली उतरायचा, आणि ती डोळे चोळत उठेपर्यंत पावाचा वास जिना चढून वर आलेला असायचा. थंडीत निजायच्या खोलीची फरशी भट्टीच्या धगीने कोमट राहायची. धाकटी घरभर अनवाणी फिरायची आणि मैत्रिणींना सांगायची, "आमच्याकडे पायमोजे कुणी घालत नाही."

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढच्या आरशांच्या काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. तिथे काच चाकावर धरायची आणि फ्रेमच्या मापाला येईपर्यंत घासायची. लग्नही या दुकानातच जमलं होतं. हा बुवा आपला चष्मा घेऊन यायचा. बिजागरीत पीठ जाऊन घट्ट बसलेलं असायचं. ती सुईने कोरून साफ करून द्यायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

"अहो, तुम्ही चष्मा घालून पीठ मळता की चष्म्यानेच मळता?" तिने शेवटी विचारलं.

"इथे यायला काहीतरी कारण लागतं ना," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मग पुढचं सगळं सोपं झालं.

अशा या भरल्या घरात जे दुखणं शिरलं, त्याचं नाव चारचौघांत घ्यायची सोय नव्हती. धाकटीच्या अंगावरून पांढरं जायला लागलं. घट्ट, दह्यासारखं. आणि खाज अशी की चाकापुढच्या स्टुलावर एका जागी बसवेना. दुकानाचा गणवेश म्हणजे काळी, तंग, कधी न चुरगळणारी पँट. दिवसभर त्या पँटीत बसून ती दात आवळून काचा घासायची. लघवीला गेली की आग व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. बाहेर येऊन ती म्हणायची, काच उडाली डोळ्यात.

कोपऱ्यावर एक डॉक्टर होता. घसा, ताप, पोट, सगळ्यांना तोच. त्याच्याकडे बाईमाणसाला तपासायला नर्स नव्हती आणि त्याला स्वतःलाही संकोच. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत त्याने दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "यीस्ट इन्फेक्शन आहे. होतं बायकांना." मलम लिहून दिलं. खबरदारी म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्याही दिल्या. हे कशाने होतं, हे विचारायला धाकटीने तोंड उघडलं तोवर पुढचा पेशंट खोकत आत आला.

यीस्ट. घरी येईपर्यंत तो एकच शब्द तिच्या डोक्यात भुणभुणत राहिला. तिला ठाऊक असलेलं यीस्ट एकच. ते खाली बेकरीच्या फ्रिजमध्ये होतं. नवरा ते कोमट साखरपाण्यात टाकायचा आणि पाहता पाहता त्याला फेस यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत त्याने मोठ्या कौतुकाने तिला ते दाखवलं होतं. "बघ, जिवंत आहे ते," असं म्हणाला होता.

मलम लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबली. थांबली म्हटल्यावर तिने ट्यूब ड्रॉवरच्या तळाशी ढकलली आणि विषय मिटला असं मानलं. पुढच्या महिन्यात दुखणं परत आलं. आता पुन्हा त्या पेपरवेटसमोर कोण बसणार? ती थेट औषधाच्या दुकानात गेली, जुनी ट्यूब दाखवून नवी घेतली, वर "त्या गोळ्याही द्या" म्हणाली. पुन्हा दोन दिवस, पुन्हा बरं, पुन्हा ड्रॉवर. आणि पुन्हा तेच.

थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. सगळ्या नातेवाइकांत ती वैद्यकीय खातं म्हणून प्रसिद्ध होती. कुणाला शिंक आली तरी तिच्याकडे त्याचं कारण तयार. धाकटीने बरेच दिवस कळ काढली आणि एका दुपारी चहा पिताना तिला सांगून टाकलं.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"यीस्ट म्हणाला."

थोरलीने कप खाली ठेवला. "यीस्ट? अगं, मग आणखी काय सांगायला हवं! तुझ्या नवऱ्याचे हात दिवसभर कशात असतात? आणि तेच हात घेऊन तो वर येतो..." पुढचं ती तोंडाने बोलली नाही, भुवयांनी बोलली.

"काहीतरीच तुझं."

"काहीतरीच काय? नखांत बसतं ते. ऊब मिळाली, ओल मिळाली की फुगतं. त्याच्या पिठात फुगतं ना? झालं तर!"

थोरली काही दुष्ट नव्हती. बहिणीचे हाल तिला बघवत नव्हते आणि गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं, एवढंच. अडचण ही होती की तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. धाकटी त्या दिवशी जिना चढताना बेकरीच्या दाराशी थांबली. नवरा मोठ्या परातीत कोपरापर्यंत हात घालून पीठ तिंबत होता. बोटांना चिकट तारा लागल्या होत्या. एरवी तिला ते बघायला आवडायचं. त्या दिवशी ती तोंड फिरवून वर गेली.

तिने त्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसलाच. "अगं, माझ्या आईचा जन्म गेला पीठ मळण्यात. तिला कधी असलं काही झालं नाही."

"त्या काय तुम्हाला सांगायला येणार होत्या?"

तो मान खाजवत म्हणाला, "बरं बाई, सांग काय करायचं ते."

तिने सांगितलं, आणि त्याने केलं. वर येण्याआधी खालीच आंघोळ. नखं मुळापासून कापलेली. हात जंतुनाशकाने धुतलेले. बेकरीचे कपडे वेगळ्या बादलीत, टॉवेल वेगळा, उशी वेगळी. सुरुवातीला तो थट्टा करायचा. दोन्ही हात पुढे करून शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा. "तपासा बाई, पास का नापास?" ती खरोखर तपासायची. हळूहळू त्याची थट्टा बंद झाली.

ती स्वतःलाही सोडत नव्हती. सुगंधी लिक्विडच्या बाटल्या आणल्या. जाहिरातीत एक गोरीपान बाई फुलांतून चालत यायची, तेच लिक्विड. ते पुरेना म्हणून फरशी पुसायचं जंतुनाशक पाण्यात घालून दिवसातून तीन-तीनदा धुवायला लागली. झोंबायचं. झोंबलं की तिला बरं वाटायचं, आत काहीतरी मरतंय असं वाटायचं. मग कातडी लाल व्हायची, भेगा पडायच्या आणि खाज दुपटीने यायची. तिचा निष्कर्ष एकच, अजून कुठूनतरी येतंय. घरात नवऱ्याशिवाय दुसरं होतं कोण?

तो लेकीच्या रिकाम्या खोलीत झोपायला लागला. कुणी कुणाला तसं सांगितलं नाही. एकदा त्याची उशी तिकडे गेली ती गेलीच.

एका दुपारी धाकटी तापाने पडली होती. त्या आठवड्यात दुखणं पुन्हा उसळलेलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. नवरा वर आला, खाटेशी थांबला आणि तिच्या कपाळाला हात लावला. ती विंचू चावल्यासारखी उठली.

"हात लावू नका मला!"

आवाज केवढा मोठा निघाला ते तिचं तिलाच कळलं. खालच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा ऐकलं असणार. तो हात तसाच हवेत धरून उभा राहिला. मग त्याने हात उलटसुलट करून पाहिले.

"धुतलेत गं," तो म्हणाला. आणखी काहीतरी बोलायला त्याने ओठ हलवले, पण बोलला नाही. पांघरूण तिच्या पायांवर ओढून तो खाली निघून गेला.

त्या दिवसापासून ती खोलीच्या दाराला आतून कडी घालू लागली. थोडेच दिवस गेले. धाकटी कामावरून आली तर तो दुपारच्या वेळी स्वयंपाकघरात बसलेला. स्वच्छ कपडे, विंचरलेले केस, हात मांडीवर. एखाद्या पाहुण्यासारखा.

"भट्टी विझवली आज," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून पाव नाही. जागा भाड्याने देऊन टाकू. पार्सलच्या गोदामात माणसं हवी आहेत, विचारून आलोय मी."

ही भट्टी त्याच्या वडिलांनी पेटवली तेव्हा तो रांगत होता. तिची आंच कमी-जास्त झाली असेल, ती पूर्ण थंड पडल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. धाकटीला हे सगळं ठाऊक होतं. "अहो, असं कसं?" म्हणायला हवं होतं. निदान बसायला हवं होतं त्याच्याजवळ. पण तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं, आणि तोंडातून शब्द निघाले ते असे, "बरं झालं."

नंतर आयुष्यभर तिला पुसून टाकावेसे वाटले ते हे दोन शब्द.

गल्लीत हळहळ झाली. सकाळचा पाव आता कुठून आणायचा? कारण विचारणाऱ्यांना तो सांगायचा, "कंबर गेली हो. भट्टीपुढे वाकवत नाही." बायकोचं नाव त्याने कुठेही येऊ दिलं नाही. भट्टी त्याने स्वतःच्या हाताने उतरवली. मजूर लावले नाहीत. बाहेरून लाल दिसणाऱ्या विटा आतल्या बाजूने काळ्याकुळकुळीत निघाल्या. ज्यांना हव्या त्यांनी नेल्या. जागेवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. त्याने निळा शर्ट चढवला आणि गोदामात खोकी उचलायला जाऊ लागला. जिन्यात कसलाच वास उरला नाही, आणि त्या थंडीत धाकटीने पायमोजे विकत आणले.

पहिले काही आठवडे तिला बरं वाटलं. खरं तर त्या खेपेला तिने मलमाची ट्यूब पहिल्यांदाच शेवटपर्यंत लावली होती, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. थोरलीला ती अभिमानाने म्हणाली, "तुझंच खरं निघालं."

मग दातासाठी पुन्हा अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्याव्या लागल्या आणि दुखणं परत आलं. असं आलं की मागचं सगळं परवडलं. आता तर घरात यीस्टचा कणही नव्हता. तिने कपाटं उपसली, गाद्या उन्हात घातल्या, भिंती पुसल्या. एका संध्याकाळी तिने चोरून नवऱ्याचा निळा शर्ट हुंगला. हा कुठल्या दुसऱ्या बेकरीत तर जात नाही ना? की आणखी कुठे जातो? शर्टाला पुठ्ठ्याचा आणि घामाचा वास येत होता. तिने तो घाईघाईने खुंटीला अडकवला. मागे वळून पाहते तर नवरा दारात उभा. त्याने शर्ट खुंटीवरून काढला आणि धुवायच्या बादलीत टाकला.

याच दिवसांत तिला तहान फार लागायला लागली होती. चाकाजवळ पाण्याची बाटली ठेवायची आणि दुपारच्या आत ती दोनदा भरायची. तिला वाटायचं, काचेच्या भुकटीने घसा कोरडा पडतोय. अंगही उतरलं होतं. पँट सैल झाली तशी दुकानातल्या पोरींनी तिची वाहवा केली. तीही मनातून सुखावली. तिची आई साखरेच्या दुखण्याने गेली होती. पण आई म्हातारी होती, आणि धाकटी तर धाकटी होती.

अंगठ्याला काच लागली म्हणून सगळं उघडकीला आलं. काचा लागणं हे तिच्या कामात रोजचंच. एरवी दोन दिवसांत जखम भरायची. ही भरेना. पिकली, अंगठा फुगून आला. दुकानाच्या मालकाने तिला बळेच रिक्षात बसवून दवाखान्यात धाडलं.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. धाकटीपेक्षा वयाने लहान, केस वर गच्च बांधलेले, बोलणं तडक. त्यांनी अंगठा पाहिला, धुतला, पट्टी बांधली. मग बोटाला सुई टोचून यंत्रावर रक्ताचा थेंब घेतला. आकडा बघून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"तहान लागते का फार?"

"लागते."

"आईवडिलांत कुणाला साखर?"

"आईला होती."

"खाली खाज येते? पांढरं जातं?" बाहेर ऊन आहे का, असं विचारावं तशा सुरात त्यांनी विचारलं.

धाकटीला रडूच कोसळलं. इतकी वर्षं जे ती दात आवळून बसली होती, ते या बाईने दोन शब्दांत टेबलावर मांडलं होतं, आणि छत काही कोसळलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेऊन नीट तपासलं आणि तपासणीला नमुना घेतला. आजवर हे कुणीच केलं नव्हतं.

"कशाने होतं हो हे?" धाकटीने विचारलं. पहिल्या दिवशी विचारायचा राहिलेला प्रश्न.

"ही एक बुरशी असते. थोडीफार प्रत्येकीच्या अंगात असतेच, गप्प पडून असते. तुमच्या रक्तात साखर वाढली, म्हणजे तिला आयतं खायला मिळालं. मूळ तिथे आहे. त्यात तुम्ही दरवेळी अँटिबायोटिक घेत होता. त्याने ही बुरशी मरत नाही, तिला धाकात ठेवणारे चांगले जंतू मरतात."

"पण मी स्वच्छता तर किती ठेवली! दिवसातून तीनदा जंतुनाशकाने..."

"अरे देवा. फरशीचं?" डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. "त्या जागेला साधं पाणी पुरतं हो. ती आपली आपण स्वच्छ राहते. तुम्ही तर कातडी सोलून काढलीत. आणि मलम पूर्ण केलं का कधी? नाही ना? बरं वाटलं की बंद. म्हणजे अर्धी बुरशी मेली, अर्धी उरली. ही तंग पँटही बदला, सुती काहीतरी घाला. आता गोळ्यांचा कोर्स मी सांगेन तोवर चालवायचा, काही महिने लागतील. आणि साखर आटोक्यात आणायची. ती आली की हेही आटोक्यात येईल."

धाकटीने अंगठ्याची पट्टी उगाच चाचपली. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याची बेकरी आहे. म्हणजे होती. ते पावाचं यीस्ट..."

"छे हो! ते वेगळं, हे वेगळं. नावाचा घोळ आहे नुसता. पाव केल्याने असं होत असतं तर बेकऱ्यांच्या दारात आमचेच दवाखाने असते." डॉक्टरीणबाई हसल्या. "कुणी घातलं हे तुमच्या डोक्यात? त्या बिचाऱ्यांना काही बोलला नाहीत ना?"

"नाही," धाकटी म्हणाली.

बाहेरच्या बाकावर ती बसून राहिली. पेशंट आले, गेले. सफाईवाल्या बाईने बाकाखालून फडकं फिरवताना "पाय घ्या" म्हटलं, तेव्हा तिने पाय उचलले आणि फरशी वाळली तरी खाली ठेवायचं विसरली.

घरी तिने एवढंच सांगितलं की साखर निघालीय. नवऱ्याने तोंडावर काळजी दिसू दिली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून घरातलं गोड नाहीसं झालं. त्याने चहात साखर घालणं सोडलं, स्वतःच्याही. संध्याकाळी गोदामातून दमून आला तरी तिला चालायला घेऊन जायचा आणि चालताना दोघांच्या मधे बरोबर एका माणसाची जागा सोडायचा. महिन्यामागून महिने गेले. साखर उतरली. खाज गेली ती परतली नाही. धाकटी आता चाकापुढे निवांत बसायची, आणि दिवसेंदिवस तिचं मन जड होत चाललं होतं. तो जितका जपायचा तितकं तिला बोलणं अवघड जायचं. आज सांगू, उद्या सांगू. सांगून तरी काय, विटा परत येणार होत्या?

थोरलीला मात्र तिने सांगितलं. थोरलीने हातातला कप उगाच फिरवला. मग म्हणाली, "मी आपलं सहज बोलून गेले गं. तू एवढं मनावर घेशील हे मला काय माहीत!" धाकटीला तिचा राग करायचा होता, पण करता येईना. थोरली बोलली होती ते एका चहापुरतं. पुढचं सगळं धाकटीने स्वतः केलं होतं.

शेवटी एका सुटीच्या दिवशी गच्चीवर तिने तोंड उघडलं. नवरा कपडे वाळत घालत होता आणि ती त्याच्या हातात चिमटे देत होती.

"ते पावाचं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"माझं दुखणं. तुमच्या यीस्टचं नव्हतं. साखरेने होतं, गोळ्यांनी होतं, माझ्या धुण्याने होतं. मला कळून कितीतरी महिने झाले. सांगायचा धीर होत नव्हता."

त्याने ओली चादर दोरीवर टाकली, टोकं जुळवली, चिमटा लावला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तसं पहिल्यापासून वाटतच होतं. मग म्हटलं, आपण काय शिकलोय, विचारून तर यावं. त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, पावाचा काही संबंध नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चिरकला.

"सांगायलाच वर आलो होतो. तुला ताप होता त्या दिवशी."

धाकटीच्या हातातले चिमटे खाली पडले. ते वेचायला तो वाकला. हळूच, एक हात कमरेवर ठेवून. ती तशीच उभी राहिली.

"आणि तरी भट्टी विझवलीत?"

त्याला बोलायची सवय कमीच, असल्या गोष्टी तर नाहीच. "तू किंचाळलीस ना," तो म्हणाला, "त्यात माझं चुकलं-बिकलं असं काही वाटलं नाही मला. फक्त कळलं की तुला भीती वाटते. माझी. आता ती खरी का खोटी, हे डॉक्टरचं सांगून काय होणार? मी खाली पीठ मळत असायचो आणि वर तू दाराला कडी घातलेली ऐकू यायची. म्हटलं, भट्टी गेली तर कडी तरी जाईल."

तिने त्याच्या हातातले चिमटे परत घेतले. मग म्हणाली, "परत बांधू या. खालचा भाडेकरू जाईल सांगितलं तर."

"आता कुठे गं." तो हसला. हसणं जुनंच होतं, थट्टेचं. "लोकांना सांगितलं होतं ना, कंबर गेली म्हणून? गोदामात खोकी उचलून खरंच गेली. आता ट्रे ओढवणार नाहीत." आणि तो पुढची चादर पिळायला लागला.

लेक सुटीत घरी आली तेव्हा एकदा स्वयंपाकघरात घुटमळत राहिली. "आई, एक विचारायचंय, पण कसंतरी वाटतं," म्हणाली. तिलाही तीच खाज सुरू झाली होती; मुरुमांसाठी ती कितीतरी दिवस अँटिबायोटिक घेत होती. धाकटीने हातातलं काम टाकलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळे प्रश्न विचारले, नाव घेऊन, आवाज खाली न आणता. त्याच दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परतताना लेक म्हणाली, "बरं झालं तुला विचारलं. मैत्रिणी म्हणत होत्या, आईला सांगू नको, आई घाबरेल." धाकटी मान हलवत राहिली. वडिलांची बेकरी का बंद झाली, हे लेकीला अजूनही कमरेच्या दुखण्यामुळेच वाटतं. ते तिला खरं सांगावं की नाही, यावर नवरा-बायकोचं कधी बोलणं झालं नाही.

लेक आली म्हणून तिची खोली रिकामी करून द्यावी लागली, आणि त्या निमित्ताने नवऱ्याची उशी परत आपल्या जागी आली. लेक गेली तरी ती तिथेच राहिली. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक झालं. दोघं एकत्र जेवतात, चालायला जातात, एकमेकांच्या गोळ्यांची आठवण ठेवतात. फक्त खोलीत येताना तो दारात थांबतो आणि विचारतो, "येऊ का?"

पहिल्यांदा तिने म्हटलं, "असं काय विचारता, परक्यासारखं?" तो म्हणाला, "अरे हो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने चिडून पाहिलं, हसून पाहिलं, एकदा त्याचा हात धरून त्याला आत ओढलंही. तो ओशाळून आत आला. त्याच संध्याकाळी पुन्हा दारात थांबला. त्याच्या मनात काही नसतं, हे तिला कळतं. अंगवळणी पडलंय इतकंच. म्हणून आता ती त्याला विचारायची वेळच येऊ देत नाही. तो दाराजवळ आला की आधीच म्हणते, "या."

परवा ती खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये होती. नळ चालू, दार बंद. बाहेर येऊन केस पुसत पाहते तर तो खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा. एका हातात तिची गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. कितीतरी वेळ उभा असावा, कारण पेला या हातातून त्या हातात घेता घेता पाणी सांडून त्याच्या दोन्ही बाह्या ओल्या झाल्या होत्या.

"या ना," ती म्हणाली.